देगलूर बॉर्डरवरच्या गावाची माहिती लिहायचीय: रेघ नेमकी इथंच कशी पडली?

सीमेवरलं_पोरगं:

राम राम मंडळी. आमचं गाव नांदेड जिल्ह्यातल्या देगलूर तालुक्यातलं, तालुक्याच्या पार कडेचं. पूर्वेला एक ओढा आहे, तो ओलांडला की तेलंगणा, कामारेड्डी जिल्हा. गावाचं नाव मुद्दाम टाकत नाही, कारण त्याच ओढ्यातल्या रेतीवरून आणि पाण्याच्या मोटारी टाकण्यावरून दोन्हीकडच्या लोकांत कुरबूर चालू आहे, नाव टाकलं की धागा तिकडंच जाणार.

तर झालं असं की ग्रामपंचायतीची नवी बिल्डिंग झाली आणि सरपंच म्हणाले आतल्या भिंतीवर गावाची माहिती रंगवून घेऊ, भूगोल इतिहास सगळं, तू शिकलेला हाईस तर तूच लिहून दे. मी हो म्हणून बसलो. क्षेत्र, गट नंबर, विहिरी, बोअर, हे तलाठी अप्पांनी दिलं. पण इतिहास म्हणलं की म्हातारी माणसं तीनच गोष्टी सांगायलेत, रझाकार, बहात्तरचा दुष्काळ आणि मारुतीच्या देवळावर कळस कधी चढला ते. मधलं सगळं कोरं.

गावात सोयाबीन, तूर, उडीद, मूग, पाणी असंल तर हळद. पद्मशाली आणि गोल्लेवारांची घरं आहेत, ते घरात तेलगू बोलतात आणि पारावर मराठी. लिंगायत वाणी आहेत, त्यांचे पाव्हणे बीदर औरादकडले, ते आले की कन्नड. मुसलमानांची जुनी घरं आहेत. आणि ओढ्यापलीकडच्या गावात निम्मी आमचीच भावकी. पलीकडला चुलता तेलंगणाचा मतदार आणि अलीकडला महाराष्ट्राचा, शेताचा बांध मात्र एकच.

ओढा काही एवढा मोठा नाही, मार्चात कोरडा पडतो. डोंगर नाही, घाट नाही. भाषा म्हणावं तर दोन्हीकडं दोन्ही. मग रेघ नेमकी इथंच का ओढली? कोणी ओढली? कुणाला काही ठाऊक असंल तर सांगा, जुने कागद कुठं मिळतील तेपण सांगा.

खडकखोद:

छान धागा. इतिहासवाले येतीलच, मी आधी जमिनीवर बोलतो कारण माझं खाणं तेच आहे.

तुमच्या भागात एक रेघ खरंच आहे, फक्त ती सरकारनं ओढलेली नाही. महाराष्ट्राचा बहुतेक भाग बेसॉल्टवर आहे, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर, त्यांचीच झीज होऊन आपली काळी माती झाली. हे थर पूर्वेकडं पातळ होत होत देगलूर बिलोलीच्या बाजूला संपतात आणि खालचा ग्रॅनाइट उघडा पडतो, तो अडीचशे कोटी वर्षांच्या आसपासचा. तुमच्या गावात एका अंगाला काळी भारी आणि एका अंगाला लालसर, रेताड, मोठाले गोल गोल धोंडे पडलेले, असं आहे का? असेल तर तुम्ही बरोबर त्या काठावर आहात.

याचा फरक रोजच्या जगण्यात पडतो. लाल जमिनीत पाणी थांबत नाही, म्हणून तिकडं जुन्या लोकांनी उताराला बांध घालून तळी केली, तेलंगणात तर प्रत्येक गावाला तळं, वरंगळच्या काकतीय राजांच्या काळापासूनची परंपरा. काळीत पाणी धरून राहतं म्हणून आपल्याकडं विहिरी आणि रब्बीची ज्वारी. मांजरा नदीची लाल रेती नांदेड लातूरपर्यंत एवढी का मागतात, तर ती ग्रॅनाइटची रेती आहे, कणीदार. बेसॉल्टच्या नदीत अशी रेती होतच नाही. तुमच्या ओढ्यावरच्या भांडणाचं मूळ तिथं आहे असं समजा :)

सीमेवरलं_पोरगं:

सर आहे आहे! वरच्या अंगाला काळी आणि ओढ्याकडं लाल. पावसाळ्यात वरच्या रानात आठ आठ दिवस पाय ठेवता येत नाही आणि खाली दुसऱ्या दिवशी वाफसा. खालच्या रानाचा भाव कमी. गावचं जुनं तळंबी लालच्याच बाजूला आहे, आता निम्मं बुजलंय आणि त्यात लोकांनी पेरलंय.

मास्तर_मुक्काम_उदगीर:

तुमच्या प्रश्नाचं उत्तर चक्क एका कायद्यात लिहिलेलं आहे, लोक वाचत नाहीत एवढंच. राज्य पुनर्रचना कायदा १९५६, कलम ८. त्यात हैदराबाद राज्यातला कोणता भाग मुंबई राज्यात जाणार त्याची यादी आहे. औरंगाबाद, परभणी, बीड, उस्मानाबाद हे जिल्हे आख्खे. बीदर जिल्ह्यातले अहमदपूर, निलंगा आणि उदगीर तालुके. आणि नांदेड जिल्हा, पण वगळून. काय वगळून? देगलूर तालुक्यातली बिचकुंदा आणि जुक्कल ही दोन सर्कलं (सर्कल म्हणजे महसुलाचा गावांचा गट), आणि मुधोळ तालुक्यातली मुधोळ, भैंसा आणि कुबेर ही तीन सर्कलं. ही पाच सर्कलं आंध्रात गेली. तारीख १ नोव्हेंबर १९५६.

म्हणजे तुमच्या ओढ्यापलीकडचं गाव १९५६ पर्यंत तुमच्याच तालुक्यात होतं बाबा. देगलूर तालुका, जिल्हा नांदेड. तुमचा चुलता परका झाला तो ओढ्यामुळं नाही, तो जुक्कल सर्कलात होता आणि तुमचे वडील देगलूरच्या सर्कलात होते म्हणून. निजामाच्या महसूल खात्यानं गिरदावराला, म्हणजे सर्कलच्या महसूल अधिकाऱ्याला, फिरायला सोयीचं पडावं म्हणून गावांचे गठ्ठे बांधले होते, दिल्लीनं तेच गठ्ठे उचलून दोन राज्यांत वाटले. गावागावात जाऊन कोण काय बोलतं हे कोणी विचारलेलं नाही.

पुढं बेळगावच्या भांडणात महाराष्ट्र गाव हा घटक धरा, सलगता बघा, बहुसंख्य भाषा बघा असं म्हणत आला, आंध्र आणि मद्रासच्या वादात पाटसकरांनी तसं केलंही. आपल्या इकडं तसं केलं असतं तर काही गावं इकडं आली असती आणि, हे पण ऐकून घ्या, बिलोली धर्माबादची काही गावं तिकडं गेली असती.

जुक्कलवाला:

मी पलीकडला. मास्तर बोलले ते शंभर टक्के. आमचा आजोबा नांदेड जिल्ह्यात जन्मला, वडील निझामाबाद जिल्ह्यात, आंध्र प्रदेश. मी शाळेत असताना राज्य आंध्रच होतं, २ जून २०१४ ला तेलंगणा झालं आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये नवे जिल्हे पाडले तेव्हा कामारेड्डी. घर तेच, चूल तीच, दार उत्तरेलाच. आधार कार्डाचा पत्ता तेवढा बदलत राहिला.

आमच्या जुक्कल मदनूर भागात बाजारात मराठी चालती, घरात बऱ्याच लोकांत मराठीच आहे. पोरं मात्र तेलगू नायतर इंग्लिश मीडियम. आता लग्नाच्या पत्रिका बी तेलगूत यायल्या. मला मराठी लिवता येतं ते आईनं शिकवलं म्हणून, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

रानवारा_किनवट:

आमचं उलटं झालं. किनवट तालुका १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता, आणि बोथ तालुक्यातलं इस्लापूर सर्कलबी. दोन्ही त्याच कलमानं इकडं आले. राजुरा पण आलता, आधी नांदेड जिल्ह्यात आणि मग १९५९ मध्ये चांद्याला, म्हणजे आताच्या चंद्रपूरला, जोडला. नकाशात नांदेड जिल्ह्याचा वरचा पाय असा लांब निघालेला का दिसतो ते यावरून कळंल. आमच्याकडं गोंडी आणि कोलामी बोलणारे लोक आहेत, मराठी की तेलगू एवढाच हिशोब करणाऱ्यांना ते दिसलेच नाहीत. धाग्यात दोनच भाषांचं चाललंय म्हणून लिहिलं.

मास्तर_मुक्काम_उदगीर:

@रानवारा, खरंय. आणि उदगीरचं म्हणाल तर आम्ही बीदर जिल्ह्यातून उस्मानाबादेत, १९८२ मध्ये लातूर. उस्मानाबाद आता धाराशिव. पण आमच्या म्हाताऱ्या लोकांच्या तोंडी अजून कोर्टकचेरी म्हणलं की बीदर येतं.

पुणे_ते_देगलूर:

तुम्ही सगळे १९५६ वरच अडकलात. गावाचा इतिहास तिथून सुरू होतो काय? देगलूरच्या जवळ होट्टल आहे, कल्याणी चालुक्यांच्या काळातली मंदिरं, अकराव्या शतकातली, सिद्धेश्वराचं मंदिर बघितलं तर माणूस गप होतो, काय ते कोरीव काम. शिलालेख आहेत. त्या आधी राष्ट्रकूट, कंधारचा किल्ला आणि तिथला जगत्तुंग समुद्र तलाव त्यांच्या काळचा. मग यादव, बहामनी, बीदरचे बरीदशाही, मोगल, आणि १७२४ पासून निजाम. मुखेडला दशरथेश्वर. तुमच्या गावात एखादी वीरगळ, सतीशिळा, फुटका नंदी, देवळाच्या पायरीला लावलेला कोरीव दगड असणारच, तो बघा. राजधानी कल्याणीला, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या बसवकल्याणला, मंदिर महाराष्ट्रात आणि त्याच घडणीची देवळं तेलंगणातबी. तेव्हा ही बॉर्डर कुठं होती सांगा.

आणि हो, भिंतीवर राजांची यादी रंगवू नका कृपया. प्रत्येक गावात तेच, सातवाहन ते निजाम, गाव बदललं तरी यादी तीच.

सीमेवरलं_पोरगं:

वीरगळ आहे दादा, वेशीजवळ, लोक तिला म्हसोबा म्हणून शेंदूर लावतात. फोटो काढून ठेवतो. शेंदराखाली तीन थर दिसतात, खाली लढाई आणि वर पिंडीजवळ बसलेला माणूस.

हाली_सिक्का:

जुन्या कागदांचं विचारलंत म्हणून सांगतो, मी या कामात बरीच वर्षं आहे.

एक, आपल्याकडचे महसुली कागद उर्दूत असतात आणि सन फसली असतं. फसलीत ५९० मिळवले की इसवी सन येतं, १३५७ फसली म्हणजे साधारण १९४७-४८. सेतवार, आणि नंतरचं १९५४-५५ चं खासरा पाहणी पत्रक, ही दोन नावं लक्षात ठेवा. खासरा पत्रकात शेत कोणाच्या नावावर, कोण कसतंय, पीक काय, सगळं असतं. नक्कल मागताना जुना सर्व्हे नंबर द्या, आताच्या गट नंबरवर शोधायला गेलात तर कर्मचारी हात वर करतात. सध्या कुणबी नोंदीमुळं सगळी दुनिया हीच कागदं काढायलीय त्यामुळं वेळ लागंल.

दोन, गावाचा कारभार तेव्हा तिघांत होता, माली पाटील वसुलीला, पोलीस पाटील बंदोबस्ताला आणि पटवारी लिहायला. ज्यांच्या घरी ही वतनं होती त्यांच्या माळवदावर अजून ट्रंका असतात. उंदरांनी खाल्ल्या नसल्या तर तिथं सरकारी दफ्तरापेक्षा जास्त सापडतं. उर्दू वाचणारं माणूस मात्र लागतं आणि ते गावातच आहे, तुमच्या जुन्या मुसलमान घरातले म्हातारे. आधी त्यांना भेटा, ती पिढी चालली.

तीन, हैदराबादला तारनाक्याला सरकारी पुराभिलेखागार आहे, निजामाचं दफ्तर तिथं. मराठवाड्यातल्या गावाचा इतिहास तेलंगणाच्या राजधानीत बसून वाचावा लागतो ही आपली गत.

बाकी पैशाचं एक लिहा. हैदराबादचं नाणं वेगळं होतं, हाली सिक्का, त्यावर चारमिनार. सात हाली रुपये म्हणजे इंग्रजांचे सहा. बाहेरून येणाऱ्या मालावर करोडगिरी लागायची, म्हणजे जकात. खरी बॉर्डर तेव्हा पैनगंगेवर होती, पलीकडं उमरखेड, वऱ्हाड, इंग्रजांचा मुलूख. तुमचा ओढा राज्याच्या मधोमध होता, तिथं नाका नव्हता, चौकी नव्हती. कडेचं गाव तुम्ही नंतर झालात.

सीमेवरलं_पोरगं:

हे शेवटचं वाक्य वाचून मी दोन मिंट बसून राह्यलो. आम्ही कायम हेच म्हणत आलो की आमचं गाव पहिल्यापासून टोकाचं, म्हणून रस्ता नाही, म्हणून बस नाही, म्हणून डॉक्टर टिकत नाही. म्हणजे पहिल्यापासून नव्हतं.

हाली_सिक्का:

नव्हतंच. तुमची माणसं बाजाराला कुठं जायची विचारा. बोधनला निजामानं साखर कारखाना काढला होता, शक्करनगर, तिथं उसाच्या कामाला कोण गेलं होतं विचारा. रेल्वे धर्माबाद उमरीवरून १९०० च्या सुमारास मनमाड ते सिकंदराबाद सुरू झाली तेव्हापासून या पट्ट्याचं तोंड हैदराबादकडं होतं. शिकायला हैदराबाद, दवाखान्याला हैदराबाद. १९५६ नंतर तोंड मुंबईकडं करायला लावलं आणि मुंबई लई लांब.

काळी_भुई:

रझाकारांचं काय लिहिणार ते सांगा आधी. त्यावर सगळे मुके होतात.

सीमेवरलं_पोरगं:

लिहायचंच आहे ताई. गावातून दोन घरं लुटल्याचं सांगतात. शाळेत दरवर्षी १७ सप्टेंबरला झेंडावंदन होतं, स्वामी रामानंद तीर्थांचा फोटो असतो. पोलीस ॲक्शन १३ ते १७ सप्टेंबर १९४८, हे सगळं येईल.

काळी_भुई:

ते येईलच. बिलोलीजवळ अर्जापूरला १९४६ मध्ये हैदराबाद मुक्तिलढ्यातल्या गोविंदराव पानसरेंना मारलं ते लिहा. ३० जानेवारी १९४८ ला उमरीची बँक लुटली आणि तो पैसा लढ्याला वापरला, तेपण लिहा, त्याच दिवशी दिल्लीत गांधीजी गेले. माझ्या माहेरच्या घरातले लोक रझाकारांच्या भीतीनं पैनगंगा ओलांडून गेले होते, बायका पोरं घेऊन रात्रीत.

पण ॲक्शनच्या नंतरचं पण लिहा. ते कोणी लिहीत नाही. पंडित सुंदरलाल यांची कमिटी सरकारनंच पाठवली होती आणि त्यांनी जे चार जिल्हे सगळ्यात जास्त होरपळले म्हणून सांगितले त्यात उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदरसोबत आपलं नांदेड आहे. मेलेले साधे मुसलमान होते, शेतकरी, कारागीर, त्यातले कितीतरी रझाकारांच्या वाऱ्यालाही उभे नव्हते. कमिटीचा आकडा कमीत कमी २७ ते ४० हजार असा आहे, सगळ्या राज्याचा मिळून. तुमच्या गावातली जुनी मुसलमान घरं टिकली म्हणालात ना, तर कशी टिकली, कोणी वाचवली, हे विचारा. काही गावात पाटलानं स्वतःच्या वाड्यात ठेवून वाचवलंय. तो खरा गावाचा इतिहास.

पुणे_ते_देगलूर:

ग्रामपंचायतीच्या भिंतीवर हे लिहिलं तर भांडणं लागतील.

काळी_भुई:

अर्धं लिहिलं तर लागतील. पूर्ण लिहिलं तर कशाला लागतील? आणि नसंल लिहायचं तर दोन्ही नका लिहू.

हाली_सिक्का:

ताईंशी सहमत. भिंतीवर चार ओळी पुरतात, पण म्हाताऱ्यांचं बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा, दोन्ही आळीतल्या. भिंत सरपंच बदलला की परत चुन्यानं पुसतात.

धर्माबादी_ठसका:

मिरचीच्या गावाहून रामराम. तुम्ही ओढ्यावरून भांडायलात, आम्ही गोदावरीवरून. बॉर्डरचा भूगोल म्हणजे पाणी, बाकी सगळं नंतर.

१९६३ ला नेहरूंनी गोदावरीवरच्या पोचमपाड धरणाची पायाभरणी केली, आताचं श्रीरामसागर. त्याचं फुगलेलं पाणी आमच्या धर्माबादच्या शिवारापर्यंत मागं येतं. नदी आमच्या दारात भरलेली आणि प्यायचं पाणी टँकरनं. म्हणून बाभळीचा बंधारा बांधला, १४ दरवाजे, २.७४ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट) पाणी. आंध्रानं कोर्टात ओढलं. जुलै २०१० मध्ये आंध्रातले विरोधी नेते चंद्राबाबू नायडू आमदार घेऊन बंधारा बघायला म्हणून आले आणि इथं त्यांना अटक झाली, आख्ख्या देशानं धर्माबादचं नाव तेव्हा ऐकलं. फेब्रुवारी २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, बंधारा राहू द्या, पण १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे उघडे ठेवायचे, आणि १ मार्चला ०.६ टीएमसी खाली सोडायचं.

आता मला सांगा पाऊस कधी पडतो? जुलै ते सप्टेंबर. तेव्हा दरवाजे उघडे. पाऊस गेला की दरवाजे लावा आणि नदीत जे उरलं ते धरा. बरं ऑक्टोबरला पाऊस झाला तर ठीक, नाही तर बंधारा म्हणजे गोदावरीवरचा पूल.

जुक्कलवाला:

ठसका भाऊ, खालच्या लोकांचं पण ऐका. श्रीरामसागरवर किती जिल्ह्यांची भातं आहेत. वर जायकवाडी, विष्णुपुरी, सगळं तुम्ही धरून ठेवता, आमच्यापर्यंत येतं काय? पावसाळ्यातलं पाणी वाहू द्या एवढंच कोर्टानं म्हणलं.

धर्माबादी_ठसका:

आमच्या जायकवाडीचं नगर नाशिकवाले धरतात म्हणून आम्ही रडतो, तुमचं आम्ही धरतो म्हणून तुम्ही रडता. मान्य. पण बाभळीवाल्याला ना वरच्यात गणती ना खालच्यात.

खडकखोद:

नद्यांचा विषय निघालाच आहे तर मांजरा बघा. बीड जिल्ह्यात बालाघाटात उगम, लातूरातून कर्नाटकात बीदरला, मग तेलंगणात, तिथं निजामसागर, १९३१ ला पूर्ण झालेलं. आणि मग ही बाई वळून उत्तरेला येते आणि बिलोली बोधनच्या मधून दोन राज्यांची हद्द होऊन वाहते, कंदकुर्तीला गोदावरीत जाते. येसगीला तिच्यावर निजामाच्या काळातला पूल आहे. हद्द म्हणून नदी धरली की एक घोटाळा कायम होतो, पुरात पात्र सरकतं. मग मधलं बेट कोणाचं, त्यातली रेती कोणाची? पंचनामा करायला दोन राज्यांचे तहसीलदार आणि रेती न्यायला एक टिप्पर.

लेंडी पण लिहा. मुखेड तालुक्यातला लेंडी प्रकल्प दोन राज्यांचा मिळून आहे, चाळीस वर्षांपासून चालू.

शेवंता_बिलोली:

मी माहेर बोधन तालुका आणि सासर बिलोली. सगळे पुरुष राज्य आणि पाणी करायलेत, मी जरा घरातलं सांगते.

आमच्यात रोटीबेटीला बॉर्डर नाही, कागदाला आहे. मुलगी तिकडून इकडं आली की जातीच्या दाखल्याला अडकली, कारण बापाचा पुरावा दुसऱ्या राज्याचा. जात तीच, पण तिकडं एका यादीत आणि इकडं दुसऱ्या. माझ्या नणंदेचं लग्न तिकडं झालं, तिला तिकडचा दाखला नाही आणि मला इकडचा नाही. ही अदलाबदल कायदा करणाऱ्याला कळत नसंल असं नाही, पण दोघींची मिळून मतं किती, दोन.

आणि बसची गंमत लिहाच. इकडं बाईला एसटीत अर्धं तिकीट. तेलंगणात बाईला फुकट, पण आधार तिकडचं लागतं. कर्नाटकात पण फुकट, तिकडचं आधार असंल तर. तर आम्ही तिघी जावा बहिणी एका लग्नाला निघालो की बस बदलली की कोणाचं तरी तिकीट काढायचं आणि कोणीतरी तोरा मिरवायचा.

आईकडं गेलं की सकाळी अंबाडीची भाजी, तिकडं गोंगुरा, आणि इथं बी तीच, फक्त तिकडं मिरची जास्त.

औरादचा_पाव्हणा:

कर्नाटकातून हजेरी. आमच्याकडं औरादला पण घरोघर मराठी. हणेगाववरून लोक डिझेल टाकायला आमच्याकडं येतात, स्वस्त पडतं म्हणून, आणि आम्ही बैल घ्यायला तुमच्याकडं. देवणी म्हणा की लाल कंधारी म्हणा, जनावराला राज्य नसतं. हणेगावच्या पलीकडं कुठंतरी तिन्ही राज्यांच्या शिवा एकत्र मिळतात, तिथं उभं राहिलं की मोबाईलला कळत नाही कुठल्या टॉवरला जायचं.

धर्माबादी_ठसका:

मग २०१८ मध्ये आमच्या तालुक्यातल्या सरपंचांनी आम्हाला तेलंगणात घाला म्हणून निवेदन दिलं ते चुकलं काय? तेव्हा तिकडं शेतकऱ्याला रयतु बंधूचं सरकारी अनुदान एकराला हंगामाला चार हजार होतं, शेतीला चोवीस तास फुकट वीज. बांधाच्या पलीकडच्याची मोटार दिवसा चालते आणि आमची रात्री दोनला, साप विंचवात.

मास्तर_मुक्काम_उदगीर:

चुकलं नाही. पण नीट बघा, त्या सरपंचांना खरंच तिकडं जायचं होतं असं मला वाटत नाही. मुंबईचं लक्ष वेधायचा तेवढाच एक रस्ता राहिला होता. सांगलीकडले जतवाले पाण्यासाठी कर्नाटकात जातो म्हणतात, तुम्ही विजेसाठी तेलंगणात. बॉर्डरच्या गावाकडं असलेलं हे एकमेव हत्यार आहे आणि ते दहा वर्षात एकदाच चालतं.

जुक्कलवाला:

इकडंबी सगळं गोड नाही. रयतु बंधू जमिनीवर मिळायचं, कसणाऱ्याला नाही. बटईनं करणाऱ्याला काहीच नाही. आणि जमीन पंधरा एकर असली की पंधरा एकराचे पैसे, मोठ्याला मोठं. तुमच्याकडं पीएम किसान आणि नमो शेतकरी योजना मिळून वर्षाला बारा हजार कुटुंबाला, थोडे आहेत पण एकरवाल्याला आणि दहा एकरवाल्याला सारखे. मी गरीब कास्तकार असतो तर विचार केला असता.

पुणे_ते_देगलूर:

शिंदीचं कोणी बोललं नाही अजून. बॉर्डरच्या गावाची निम्मी अर्थव्यवस्था ती आहे.

काळी_भुई:

आणि निम्मी बरबादी. पावडरीची शिंदी पिऊन आमच्या भागात कितीतरी घरं बसली. इकडं धाड पडली की पलीकडं, पलीकडं पडली की इकडं. हे पण भूगोलच आहे म्हणा.

सीमेवरलं_पोरगं:

मंडळी, एवढं मिळंल असं वाटलं नव्हतं. काल हाली सिक्का काकांनी सांगितल्यासारखं गावातल्या चाचांकडं गेलो. त्यांनी ट्रंकेतून एक कागद काढला, उर्दूत, वाचून दाखवला, शेतसाऱ्याची पावती, १३५१ फसली. गावाच्या नावाखाली तालुका देगलूर आणि जिल्हा नांदेड, आणि त्याच ट्रंकेत ओढ्यापलीकडच्या शेताची दुसरी पावती, तिच्यावरबी तालुका देगलूर आणि जिल्हा नांदेड. दोन्ही पावत्या एकाच पटवाऱ्याच्या अक्षरात. चाचांची ती पलीकडची जमीन आता तेलंगणाच्या जमीन नोंदीच्या पोर्टलवर आहे आणि अलीकडची आपल्या सातबाऱ्यावर.

४८ चं पण बोलले. रेकॉर्ड केलंय, इथं लिहीत नाही, त्यांनी सांगितलं गावातच राहू दे.

भिंतीसाठी मी असं ठरवलंय, राजांची यादी नाही. मधे एक नकाशा, १९५६ च्या आधीचा देगलूर तालुका, जुक्कल आणि बिचकुंद्यासकट, आणि त्यावर आताची बॉर्डर तुटक रेघेनं. एका बाजूला माती आणि पाणी, काळी कुठं लाल कुठं, तळं, ओढा. दुसऱ्या बाजूला माणसं, कोण कुठून आलं, कोणत्या भाषा. पानसरे, उमरी, आणि ताई, त्यानंतरच्या दोन ओळीपण. सरपंचांना दाखवलं, ते म्हणले पलीकडची गावं आपल्या भिंतीवर कशाला, उद्या कोणीतरी म्हणंल आम्ही त्यांच्यावर हक्क सांगायलोत.

मास्तर_मुक्काम_उदगीर:

सरपंचांना म्हणावं कायद्यातलंच आहे, खाली कलम लिहून टाका. नकाशासाठी सर्व्हे ऑफ इंडियाचं ५६ एफ मालिकेतलं तुमचं शीट बघा, ओढे आणि तळी त्यात नीट दिसतात. आणि १९५१ आणि १९६१ च्या जनगणनेच्या जिल्हा पुस्तिका ताडून बघा, पहिल्यात पलीकडची गावं नांदेडात सापडतील आणि दुसऱ्यात नाही.

जुक्कलवाला:

भाऊ नकाशा झाला की मला फोटो पाठवा. आमच्या पंचायतीच्या भिंतीवर पण लावतो, तेलगूत. आमच्या सरपंचालाबी हेच वाटणार की तुम्ही हक्क सांगायलात, पण बघू.

हाली_सिक्का:

पेंटरला गावांची नावं लिहून द्या, तोंडी सांगू नका. बिचकुंद्याचं बिचकुंडा करून ठेवतात.